दोनशे चौदाचा बिल्ला

१

दोनशे चौदाच्या खिळ्यावर बिल्ला होता, पण दोनशे चौदामधल्या आजी जहाजावर नव्हत्या.

हे परवा संध्याकाळी सात वाजता उघड झालं. तेव्हापासून जहाज वरच्या मजल्यापासून इंजिनाच्या खोलीपर्यंत दोनदा पालथं घालून झालं होतं. नदीतून लाँच फिरून आली होती. हाती काही लागलं नव्हतं. जेवणाच्या हॉलमधलं संगीत पहिल्या दिवशी बंद ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते परत लावलं. प्रवाशांपैकी कोणी काही बोललं नाही. सगळे हळू आवाजात बोलायचे आणि पोटभर जेवायचे.

आधी बिल्ल्याचं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नदीवरचं हे आलिशान जहाज रोज एका गावाच्या धक्क्याला लागतं. प्रवासी उतरतात, गाव बघतात, परत येतात. कोण आलं आणि कोण राहिलं हे कळायला स्वागतकक्षात एक फळा असतो. फळ्यावर खोल्यांचे नंबर आणि प्रत्येक नंबराखाली दोन खिळे. उतरताना आपला पितळी बिल्ला घ्यायचा आणि दोरीने गळ्यात घालायचा, परत आल्यावर आपल्या खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की जहाज सुटतं.

फळ्याच्या वरच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'बिल्ला खिळ्यावर, माणूस जहाजावर.'

जहाजावर सगळे जिला नुसतं 'बाई' म्हणत, त्या शिक्षिकेचं ते अक्षर होतं.

बाई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नंतर कंपनीने त्यांना नोकरांना सुरक्षेचे धडे द्यायला बोलावलं. जाकिटाचे पट्टे कसे बांधायचे, आग लागली तर कुठे उभं राहायचं, सगळं त्या पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं शिकवत. खलाशी आधी हसायचे, मग शिकायचे. या खेपेला त्या योगायोगाने जहाजावर होत्या, म्हणून कप्तानाने सकाळी आठ वाजता त्यांच्या दारावर टकटक केली.

"बाई, दुपारी बारा वाजता पुढचा धक्का. पोलीस तिथे वर येणार," कप्तान म्हणाला. "नवऱ्याला घेऊन जाणार."

"त्यांनी काही केलंय का?"

"बिल्ला म्हणतो, आजी परत आल्या. पण त्यांच्या खोलीच्या कुलपात नोंद राहते. परवा दुपारभर ते दार एकदाच उघडलं, सहा चाळीसला, नवऱ्याच्या कार्डाने. म्हणजे त्या जहाजावर आल्या, पण खोलीपर्यंत पोचल्या नाहीत."

"फळ्यापासून ती खोली किती लांब?"

"एक जिना आणि चाळीस पावलं."

बाईंनी चष्मा लावला. "चाळीस पावलांत माणूस हरवत नाही, कप्तानसाहेब."

"तेच पोलीस म्हणतात," कप्तान म्हणाला. "माणूस हरवत नाही, कोणीतरी त्याला नाहीसं करतं."

२

नवऱ्याला सगळे घड्याळजी म्हणत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. जहाजावर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वागतकक्षातलं बंद पडलेलं मोठं घड्याळ चालू करून दिलं होतं, म्हणून ते नाव पडलं. आता ते खोलीत खिडकीपाशी बसले होते. दाराबाहेर एक खलाशी उभा होता.

"चहा घेतलात?" बाईंनी विचारलं.

"दिला होता त्यांनी."

चहा समोरच होता. वर साय धरली होती.

"परवा काय झालं ते सांगा. मला घाई नाही."

"सगळ्यांना सांगितलंय," ते म्हणाले, पण सांगू लागले. आवाज सपाट होता, दुसऱ्या कोणाची तरी हकिगत वाचून दाखवावी तसा. "सकाळी दहाला दोघं उतरलो. बाजारात फिरलो. दुपारी हिचं डोकं दुखायला लागलं. परत निघालो, तर धक्क्याशी येता येता हिच्या चष्म्याची काडी निखळली. काच हातात आली. मी म्हटलं, तू हो पुढे, पड जरा, मी इथे बाकावर उजेडात बसून बसवतो. तेव्हा चार वाजले होते. स्क्रू बारीक, फरशीच्या फटीत पडला. तो शोधण्यात वेळ गेला. पावणेपाचला मी वर आलो. फळ्यावर हिचा बिल्ला बघितला. बरं वाटलं."

"मग खोलीत का नाही गेलात?"

"डोकं दुखत होतं ना तिचं. मी गेलो असतो तर उठली असती. वरच्या मजल्यावर बसलो चहा घेत. सहा चाळीसला गेलो. पलंगावर सकाळची चादर तशीच्या तशी होती."

"आणि चष्मा?"

"माझ्या खिशात होता. कप्तानांनी पाकिटात घालून तिजोरीत ठेवलाय. पुरावा म्हणे." त्यांनी रिकामा खिसा चाचपला. "तिला त्याच्याशिवाय हातभरापलीकडचं अक्षर दिसत नाही हो. घाबरली असेल."

बाईंनी वहीत दोनच शब्द लिहिले: चष्मा नव्हता.

दारातून बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "त्या सकाळी तुमचं भांडण झालं होतं?"

घड्याळजींनी खिडकीबाहेर बघितलं.

"हो," ते म्हणाले. "आणि मी चूक होतो."

३

त्यांची मुलगी काल संध्याकाळच्या धक्क्यावर जहाजात चढली होती, ड्रायव्हर तिची मोटार घेऊन रस्त्याने पुढच्या धक्क्याकडे गेला होता. ती स्वागतकक्षातल्या सोफ्याच्या कडेला बसली होती, अजून गळ्यातली पर्सही न काढता.

"मी सांगते भांडण कशावरून," ती म्हणाली. "मी दोघांना माझ्याकडे राहायला बोलावत होते. आई तयार होती. बाबांना दुकान सोडवेना. पन्नास चौरस फुटांचं दुकान! परवा सकाळी आईचा फोन आला, मी येतेय तुझ्याकडे, ते येवोत न येवोत. आणि त्याच दिवशी आई नाहीशी होते, आणि तिचा चष्मा बाबांच्या खिशात सापडतो. तुम्ही शिकवता ना? मग करा बेरीज."

"बेरीज करायला सगळे आकडे लागतात, बाळ."

"मला बाळ म्हणू नका." मग थोड्या वेळाने, "रडूच येत नाहीये मला. कालपासून. हे बरोबर आहे का?"

"बरोबर-चूक असं काही नसतं त्यात."

"ते माझे बाबा आहेत हो. बाराला त्यांना घेऊन जातील, आणि घेऊन जा असं सांगणारी मीच असेन."

समोर काउंटरमागे स्वागतिका उभी होती. दोन दिवसांत तिच्या गणवेशाची इस्त्री मोडली नव्हती, चेहरा मात्र उतरला होता. बिल्ल्यांचा फळा तिच्या ताब्यात. जहाजावर सरळ दोन तट पडले होते. एक म्हणे, नवऱ्याने ढकललं. दुसरा म्हणे, हिनेच न बघता बिल्ला लावला.

"आचारी तर मला 'बिल्लेवाली' म्हणायला लागलाय," ती म्हणाली. "सकाळी विचारतो, बिल्लेवाली, माझा बिल्ला बघ गं, मी आहे ना जहाजावर?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तू आहेस, पण भाजीत मीठ नाही."

बाई हसल्या. पोरगी हसली नाही.

"दोनशे चौदाच्या बाईंना तू परत येताना पाहिलंस?"

"आठवत नाही, बाई. शंभर माणसं येतात. पण फळा पूर्ण होता! सुटण्याआधी मी फोटो काढला. नियमच आहे, फोटो काढायचा आणि कचेरीला पाठवायचा."

"तो फोटो दाखव बघू."

४

फोटो स्वच्छ होता. सगळे खिळे भरलेले, बिल्ल्यांचे नंबर समोर. कप्तानाने तो चार वेळा पाहिला होता आणि पोलिसांनाही पाठवला होता.

बाई मात्र नंबर बघत नव्हत्या. वर्गात वह्या तपासताना त्यांची एक सवय होती: उत्तर बघायच्या आधी अक्षर बघायचं. दहा वह्यांत एकच अक्षर दिसलं की कोणी कोणाची वही लिहिली ते आपोआप कळतं. तशी त्यांनी बिल्ल्यांची दोरी बघितली.

बहुतेक बिल्ल्यांच्या दोऱ्या सैल लोंबत होत्या. गळ्यातून काढलं, अडकवलं, झालं. सहा बिल्ले मात्र वेगळे होते. त्यांची दोरी बिल्ल्याभोवती तीन वेढे घालून नीट गुंडाळली होती.

दोनशे चौदाचे दोन बिल्ले शेजारी शेजारी होते. घड्याळजींच्या बिल्ल्याची दोरी लोंबत होती. बायकोच्या बिल्ल्याची गुंडाळलेली.

"या सहा जणांना इतकी टापटीप कोणी शिकवली?" बाईंनी विचारलं.

स्वागतिकेने वाकून बघितलं. "ते होय? ते ट्रेमधले, बाई."

"कुठल्या ट्रेमधले?"

पोरीने क्षणभर कप्तानाकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तुमच्या धड्यात नाही ते. आम्ही आपापसात करतो. दोन जहाजं एकाच धक्क्याला लागली की एकमेकांना चिकटून उभी राहतात ना. बाहेरच्या जहाजाच्या लोकांना आतल्या जहाजातून चालत यावं लागतं. मग काही जण घाईत तिथल्याच फळ्यावर बिल्ला अडकवतात आणि पुढे आमच्याकडे येतात. दर वेळी पाच-सहा तरी. तिकडची मुलगी मागचा जहाजाचा शिक्का बघून आमचे बिल्ले बाजूला काढते, दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून गुंडाळते आणि ट्रेमधून पाठवते. आम्ही लावून टाकतो. तिचे आमच्याकडे आले तर आम्हीही तसंच करतो."

"परवा ट्रे किती वाजता आला?"

"साडेचारला."

"आणि बिल्ल्याबरोबर माणूस आलंय का, ते कोणी बघितलं?"

स्वागतिकेने तोंड उघडलं. मग फळ्यावरच्या त्या कागदाकडे तिची नजर गेली. बाईंचीही गेली.

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

५

"कप्तानसाहेब," बाई म्हणाल्या, "परवा शेजारी कोणतं जहाज होतं?"

"थोरली."

कंपनीची ही दोन जहाजं जुळी. एकाच कारखान्यात, एकाच नकाशावर बांधलेली. तोच गालिचा, तेच झुंबर, जिना त्याच बाजूला. एक महिनाभर आधी पाण्यात उतरलं म्हणून ते थोरली आणि हे धाकटी.

"सकाळी दहाला दोनशे चौदाची मंडळी उतरली तेव्हा धक्क्याला लागून कोण होतं?"

"आम्हीच. एकटेच होतो." कप्तान सांगू लागला आणि सांगता सांगता त्याचा आवाज मंद होत गेला. "दोनला थोरली आली. तिच्यावर नवे प्रवासी चढायचे होते, सामानसुमान होतं. म्हणून आम्ही बाहेर सरकलो आणि तिला आतली जागा दिली. धक्क्यावर पाटी लावली होती. मोठी पाटी, बाई. 'धाकटीचे प्रवासी थोरलीतून पुढे.'"

"पाटी," बाई म्हणाल्या. "ती चष्म्याशिवाय वाचायची."



"पण थोरलीला आम्ही परवाच विचारलं होतं," कप्तान घाईने म्हणाला. "जादा माणूस आहे का म्हणून. त्यांनी मोजणी केली. यादी बरोबर, फळा बरोबर."

"फळा आपलाही बरोबर होता. त्यांना फोन लावा. लोकांचं विचारू नका. त्यांच्या दोनशे चौदामध्ये कोण आहे ते विचारा."

थोरली परवापासून उलट्या दिशेने, नदीच्या मुखाकडे जात होती. तिच्या कप्तानाचा आवाज फोनवर खरखरत आला.

"दोनशे चौदा? रिकामी आहे. एक म्हातारं जोडपं येणार होतं, त्यांचं विमान चुकलं. संध्याकाळी कळलं, येत नाहीत. यादीवर 'रिकामी' मारलंय."

"मग त्या खोलीत दोन दिवस कोणी गेलं नसेल."

"रिकाम्या खोलीत कशाला जातील? झाडलोट करणारे यादी बघूनच फिरतात."

"जरा त्या दारापर्यंत जाता का? फोन चालू ठेवा."

पावलं ऐकू आली. जिना. मग गालिचावर मऊ झालेली पावलं. मग पावलं थांबली.

"दारावर काही आहे का?" बाईंनी विचारलं.

"हो. ती पाटी टांगलीय. 'कृपया त्रास देऊ नये.'"

"कप्तानसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "खोली रिकामी आहे, तर त्रास देऊ नका असं कोण सांगतंय?"

६

अकरा वाजता बाईंनी घड्याळजींना आणि मुलीला एकाच खोलीत बसवलं. स्वागतिका दाराशी उभी राहिली. तिला जा म्हटलं तरी गेली नसती.

"मी सांगते ते सावकाश ऐका," बाई म्हणाल्या. "काही राहिलं तर परत सांगेन.

"त्या चार वाजता धक्क्यावर आल्या. डोकं दुखत होतं, चष्मा नव्हता. सकाळी जिथून उतरल्या तिथेच जहाज उभं होतं. त्या आत गेल्या. तोच गालिचा, तेच झुंबर. फळ्यावर दोनशे चौदाचा खिळा सवयीच्या जागी होता, तिथे त्यांनी बिल्ला अडकवला. जिना चढल्या, चाळीस पावलं चालल्या. सगळं बरोबर केलं. फक्त जहाज दुसरं होतं."

मुलीने पर्सचा पट्टा मुठीत धरला.

"कार्ड लागलं नाही. तिथे खोल्या आवरणारा माणूस होता. आत्ता फोनवर बोलले त्याच्याशी. त्या दिवशी नवे प्रवासी चढत होते, दर दुसऱ्याचं कार्ड अडत होतं. त्याच्या यादीत दोनशे चौदामध्ये म्हातारं जोडपं येणार होतं, आणि दाराशी एक आजी उभ्या होत्या. त्याने आपल्या कार्डाने दार उघडून दिलं. त्या म्हणाल्या, आमचे हे येतीलच मागून. आत आपलं सामान नाही हे त्यांना चष्म्याशिवाय दिसलं नसणार, त्यांनी पाटी लावली. संध्याकाळी यादीवर खोली रिकामी झाली. ज्यांच्या हातात यादी होती त्यांनी दार उघडलं नाही, कारण आत कोणी नव्हतं. ज्यांच्या हातात यादी नव्हती त्यांनीही उघडलं नाही, कारण आत कोणीतरी झोपलं होतं."

"आणि बिल्ला?" मुलीने विचारलं.

"तिथल्या मुलीने शिक्का बघितला आणि तो ट्रेमध्ये घालून इकडे पाठवला. इकडच्या मुलीने लावला. तुमच्या बाबांनी तो बघितला."

"आई?"

बाईंनी शिकवताना कधीच नजर चुकवली नव्हती. आताही चुकवली नाही.

"गेल्या, बाळ. थोरलीवरचे डॉक्टर म्हणतात, मेंदूतली रक्ताची नळी फुटली असावी. आडव्या झाल्यावर तासाभरातच. झोपेत. डोकं त्यामुळेच दुखत असणार."

या वेळी मुलीने 'बाळ' म्हणू नका असं म्हटलं नाही.

"कोणी शेजारी असतं तर?" तिने विचारलं.

"डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेच तुला सांगते."

घड्याळजी म्हणाले, "थोरलीत दोनशे चौदा म्हणजे स्वागतकक्षाच्या वरच्याच मजल्यावर येणार."

"हो."

"म्हणजे पावणेपाचला मी तिच्या खालून गेलो. हातात चष्मा घेऊन."

बाहेर इंजिनाचा आवाज बदलला. धक्का जवळ येत होता.

"आणखी एक त्यांच्या कप्तानांनी सांगितलं," बाई म्हणाल्या. "सांगू का?"

घड्याळजींनी मान डोलावली.

"त्या पलंगाच्या डाव्या कडेला निजल्या होत्या. चपला जोडीने खाली. उजवी बाजू मोकळी ठेवली होती, आणि त्या बाजूचा दिवा लावलेला होता. अजून चालू होता."

"मला उजेड लागतो," घड्याळजी म्हणाले. "कामाला."

७

बाराला पोलीस वर आले आणि पाऊण तासात कागद घेऊन उतरले. आता त्यांच्याकडे पकडण्यासारखं कोणी नव्हतं. थोरली तिकडे तिच्या वाटेवरच्या पुढच्या गावी थांबली होती. मुलीच्या मोटारीने तिथे पोचायला चार तास लागणार होते.

बाई फळ्यापाशी गेल्या. वरचा कागद नखाने सोडवू लागल्या. डिंक जुना होता, कागद तुकड्या-तुकड्यांनी निघाला.

"नवीन काय लिहायचं, बाई?" स्वागतिकेने विचारलं.

"काही नाही. उद्यापासून यादी घेऊन जिन्याशी उभी राहा. प्रत्येकाचा नंबर विचार आणि तोंडाकडे बघ. शाळेत मी चाळीस वर्षं हजेरी घेतली. एकाची हजेरी दुसरं पोर द्यायचं, म्हणून मी वहीतून मान वर करायचे. इथे येऊन मीच तुम्हाला मान खाली घालायला शिकवली."

"मी ट्रेचं सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं."

स्वागतिकेने दोनशे चौदाच्या खिळ्यावरून गुंडाळलेला बिल्ला काढला, दोरी उलगडली, आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून तशीच उभी राहिली. बाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि परत खिळ्याला लावला, दोरी सैल सोडून.

धक्क्यावर मोटार उभी होती. कप्तान तिजोरीतलं पाकीट घेऊन आला आणि कोणाकडे द्यावं ते न समजून थांबला. मुलीने हात पुढे केला. पाकीट फोडलं. काडी घट्ट बसली होती. तिने ती दोनदा उघडून-मिटून बघितली. मग ओढणीने दोन्ही काचा पुसल्या, सावकाश, आधी एक आणि मग दुसरी.

"आईला घालायचा," घड्याळजी म्हणाले. "नाहीतर तिला मी आलोय ते दिसणार नाही."

"हो, बाबा."

तिने चष्मा मिटला आणि जिथे तो सापडला होता त्याच खिशात, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, ठेवला. वरून हाताने एकदा दाबून बघितला. मग मोटारीचं दार उघडून धरलं, आणि वडील आत बसेपर्यंत त्यांच्याकडे बघत उभी राहिली.